‘परत का नाही वळला?’ असं विचारण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, द्राक्ष-कांद्याच्या घरातला, आणि गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या आसपास राहतो. तुमचा पेपर रोज मोबाइलवर वाचतो, वाचकांची पत्रं तर आधी. माझ्याकडे छोटं विमान चालवायचं प्रायव्हेट लायसन्स आहे, धंदा म्हणून नाही, हौस म्हणून, महिन्यातून दोन-तीनदा क्लबचं विमान तासावर भाड्याने घेतो आणि फिरून येतो. आज पहिल्यांदा लिहितोय कारण एक गोष्ट बरेच दिवस मनात खदखदतेय.

कुठेही छोटं विमान टेकऑफनंतर पडलं की दुसऱ्या दिवशी बातमीत, पत्रांत, आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सगळीकडे एकच प्रश्न असतो, धावपट्टी तर मागेच होती, मग पायलट परत का नाही वळला? आणि त्याच्या पाठोपाठ, पायलट गोंधळला असणार, पायलट नवखा असणार. अहमदाबादच्या अपघातानंतर तर मला नात्यातल्या पाच-सहा जणांनी फोन करून हेच विचारलं. ते मोठं प्रवासी विमान, दोन इंजिनांचं, त्याची गोष्ट वेगळी, त्यावर मी बोलत नाही. मी बोलतोय ते एका इंजिनाच्या दोन-चार सीटच्या विमानाबद्दल, ज्यावर आपल्याकडे बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाला आपलीच पोरं-पोरी शिकतायत.

तर गोष्ट अशी आहे की त्या वेळी परत वळणं हाच बहुतेकदा मरायचा रस्ता असतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, म्हणजे पुस्तकातलं पण सांगणार आहे, पण आधी माझं स्वतःचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतला शनिवार, आदल्या दोन दिवसांत चांगला पाऊस झालेला. मी आणि बायको किनाऱ्याकडे जेवायला जायला निघालो. विमान जुनं सेसना १७२, क्लबचं, उघड्यावर उभं असायचं. उडायच्या आधी दोन्ही पंखांतल्या टाक्यांच्या खालून आणि नाकाखालच्या गाळणीतून थोडं थोडं पेट्रोल एका पारदर्शक कपात काढून बघायचं असतं. आमच्या विमानांचं पेट्रोल निळं असतं, १०० लो लेड म्हणतात त्याला, पाणी असेल तर ते जड म्हणून कपाच्या तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. मी बघितलं, एकेक कप काढला, पाणी दिसलं नाही, झालं म्हटलं. नंतर मेकॅनिकने सांगितलं की टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं, पावसाचं पाणी आत मुरलं होतं आणि विमान जिथे उभं होतं तिथली जमीन एका बाजूला उतरती होती त्यामुळे ते पाणी बहुधा टाकीच्या कोपऱ्यात अडकून राहिलं, कपात आलंच नाही, टेकऑफला नाक वर झाल्यावर मग ते सरकलं आणि पाइपात गेलं. पंख धरून विमान हलवायचं, थोडं थांबायचं, परत कप काढायचा, हे मी करायला हवं होतं. केलं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

जमिनीपासून चारेकशे फुटांवर होतो. इंजिन एकदा खोकललं, परत पकडलं, मग एकदम गेलं. नाकावरचा पंखा वाऱ्याने फिरत होता पण ताकद शून्य. तो आवाज जाणं काय असतं ते सांगता येत नाही, वाऱ्याची सळसळ तेवढी ऐकू येते. बायको म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "अगं इंजिन गेलं, पट्टा आवळ, तुझ्या बाजूचं दार उघडून ठेव." दार आधीच उघडून ठेवायचं कारण आपटल्यावर विमानाचा सांगाडा वाकला तर दार अडकतं आणि मग बाहेर निघता येत नाही.

आणि त्या क्षणी माझी मान डावीकडे मागे वळली, अगदी आपोआप. धावपट्टी मागे होती, लांब, रुंद, रोजची ओळखीची. अंगातलं सगळं रक्त सांगत होतं, तिकडे चल. माझ्या इन्स्ट्रक्टर बाईंनी मला शिकवताना निदान पन्नास वेळा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा खटका, मागे ओढून ओरडून घेतलं होतं, नाक खाली, नाक खाली, समोर बघ. तेवढ्यामुळे हात पुढे गेले. कारण विमान चढत असताना नाक वर असतं, इंजिन गेल्यावर तसंच धरलं तर दोन-तीन सेकंदांत वेग संपतो, आणि जमीन जवळ असताना नाक खाली ढकलणं हे माणसाच्या स्वभावाच्या पूर्ण उलट आहे, ते सरावानेच येतं.

समोर बदामाची बाग, तिच्या उजवीकडे कालवा, कालव्यापलीकडे लसूणघासाचं शेत, नुकतंच कापलेलं. बागेत गेलो असतो तर झाडांनी पंख तोडले असते. शेतकऱ्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही, वरून बघितलं तरी कळतं की कुठलं रान कडक आहे, कुठे पाणी दिलंय, सऱ्या कुठल्या दिशेने आहेत. सऱ्यांना आडवं उतरायचं नाही, त्यांच्याच दिशेने उतरायचं, नाहीतर पुढचं चाक अडकून विमान कोलांटी खातं. थोडंसंच उजवीकडे वळलो, जेमतेम वीस-तीस अंश, पंखांमागचे फ्लॅप टाकले, पेट्रोल बंद, इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद, शेवटी विजेचा मास्टर स्विच बंद आणि उतरलो. इंजिन गेल्यापासून चाकं टेकेपर्यंत तीस-पस्तीस सेकंद झाले असतील. पुढचं चाक शेवटी एका पाटात रुतलं आणि वाकलं, पंखा वाकला, आम्हाला दोघांना पट्ट्याचे वळ सोडून काही झालं नाही. शेत एका पंजाबी सरदारजींचं होतं, ते पिकअप घेऊन पळत आले, आधी बायकोला पाणी दिलं, मग मला म्हणाले, घासाची काळजी करू नका, तो परत येतो.

त्यानंतर चार लोकांनी मला हेच विचारलं, अरे एअरपोर्ट मागेच होता ना?

आता पुस्तकातलं सांगतो. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, विमान चालवायला शिकणाऱ्यांसाठी एक हँडबुक काढतं, त्यात हा हिशेब करूनच दाखवलाय. समजा ३०० फुटांवर इंजिन गेलं. काय झालं हे कळायला आणि हात हलायला साधारण ४ सेकंद जातात. मग सेकंदाला ३ अंश या नेहमीच्या गतीने वळलं तर १८० अंश फिरायला पूर्ण एक मिनिट लागतं. आणि १८० अंश फिरून भागत नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही, गाडीसारखा जागेवर यू-टर्न नसतो तो, ६५ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर, वेगाने वळताना वळणाची त्रिज्या २१०० फूट होते म्हणजे फिरून झाल्यावर तुम्ही धावपट्टीच्या ४२०० फूट बाजूला असता, मग तिच्याकडे तोंड करायला अजून ४५ अंश. एकूण २२५ अंश, ७५ सेकंद, अधिक ते पहिले ४. इंजिन बंद असलेलं विमान या वळणात मिनिटाला हजारेक फूट खाली येतं असं धरलं तर तोवर १३१६ फूट खाली यायला हवं, आणि तुमच्याकडे होते ३००. म्हणजे धावपट्टीच्या १०१६ फूट खाली, जमिनीच्या पोटात.

मग लोक म्हणतात जोरात वळ ना. जोरात वळायला विमान जास्त कलवावं लागतं आणि जेवढं कलवाल तेवढा त्याचा स्टॉलचा वेग वाढतो, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमानाला धरून ठेवत नाहीत तो वेग. उंची तशीच धरायची म्हटलं तर ४५ अंश कलवलं की तो १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. सरळ उडताना ज्याचा स्टॉल ५० नॉटला आहे त्याचा ६० अंशांत ७० नॉटला होतो, आणि इंजिनाशिवाय तुम्ही तरंगताय ६५ ने. खाली जमीन वर येताना दिसते, धावपट्टी अजून बाजूला दिसते, माणूस नकळत योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, मागे ओढतो आणि पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, जास्त दाबतो, एक पंख आधी पडतो, विमान फिरत खाली जातं. एवढ्या कमी उंचीवर त्यातून बाहेर यायला जागाच नसते. टेकऑफनंतर इंजिन गेल्यावर माणसं मरतात ती खूप वेळा अशी, इंजिनाने नाही, त्या वळणाने. इंग्रजीत पायलट लोक याला अशक्य वळण म्हणतात.

उलट समोर, वेग कमी पण ताब्यात ठेवून, झुडपात का होईना, विमान टेकवलं तर वाचायची शक्यता किती असते बघा. त्याच हँडबुकात दिलंय, ताशी ५० मैल वेगाने जाताना शरीरावर ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोर येईल असं सारखं ब्रेक लागत थांबायचं असेल तर साडेनऊ फुटांच्या आसपास जागा पुरते. साडेनऊ फूट! आमच्या गावच्या ओसरीएवढी जागा. वेग दुप्पट, १०० मैल केला तर साधारण ३८ फूट लागतात, चौपट. म्हणून वेग महत्त्वाचा, आणि म्हणूनच वाऱ्याविरुद्ध उतरणं महत्त्वाचं. टेकऑफ आपण वाऱ्याच्या तोंडावरच करतो, सरळ पुढे उतरलो तर १५ नॉटच्या वाऱ्यात ५० नॉटचं विमान जमिनीला ३५ नॉटने भेटतं, मागे वळून आलो तर वारा पाठीवर, ६५ नॉटने. आपटायची ताकद जवळपास साडेतीनपट.

तुमच्या वाचकांना माहीत असलेलं एक उदाहरण देतो. हॉलिवूडचा हॅरिसन फोर्ड, ५ मार्च २०१५, लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका एअरपोर्टवरून १९४२ चं जुनं रायन पीटी-२२ घेऊन उडाला, एकटाच होता, वय ७२. टेकऑफनंतर लगेच इंजिनाची ताकद गेली. त्याने टॉवरला कळवलं, परत यायला डावीकडे वळायला सुरुवातपण केली, आणि मग त्याला कळलं की पोचत नाही. माझ्या मते त्याची खरी पायलटगिरी इथे आहे. वळण ओढत नाही बसला, सोडून दिलं, आणि शेजारच्या पेनमार गोल्फ कोर्सकडे गेला, झाडाच्या शेंड्याला घासून हिरवळीवर आपटला. हाडं मोडली, पण जगला, आणि खाली कुणालाही काही झालं नाही. एनटीएसबी, म्हणजे त्यांची अपघात तपास संस्था, तिच्या रिपोर्टात कारण आलं ते कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट नावाचा एक छोटा भाग आटे सुटून ढिला झाला, त्यामुळे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जायला लागलं आणि ताकद गेली. शिवाय खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता त्यामुळे मार जास्त लागला असंही निघालं. म्हणजे एक छोटासा तुकडा आणि एक पट्टा. पायलट गोंधळला वगैरे काही नाही.

आता ते गोल्फ कोर्स तिथे होतं म्हणून हे बोलतोय आपण. सांता मोनिकाच्या धावपट्टीच्या चारी बाजूंना घरंच घरं आहेत. तिथल्या रहिवाशांचं विमानांच्या आवाजाबद्दल, धुराबद्दल भांडण फार जुनं, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, ज्याच्या छपरावरून दिवसभर विमानं जातात त्यालाच ते माहीत. २०१७ मध्ये सरकार आणि शहर यांच्यात करार झाला, धावपट्टी कापून ३५०० फुटांची केली आणि २०२८ संपलं की एअरपोर्ट बंद करायची मुभा शहराला मिळाली. माझं दुखणं एवढंच की विमानतळ आधी होता, घरं नंतर त्याला चिकटली, आणि चिकटू देताना समोरची जमीन मोकळी ठेवा असं कुणी म्हटलं नाही.

आपल्याकडे वेगळं काय आहे? १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते एका इंजिनाच्या पुस मॉथमध्ये. तेव्हाचं जुहू आणि आजचं जुहू डोळ्यांसमोर आणा. मुंबईत फनेल झोन, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालचा पट्टा, म्हटलं की सगळ्यांना इमारतीची उंची आठवते, किती मजले मिळणार, जुन्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कसं होणार, आणि तिथे अडकलेल्या लोकांचे हाल मला कळतात. पण उंचीचं मोजमाप झालं तरी धावपट्टीच्या टोकाशी जमिनीवर काय आहे हा प्रश्न राहतोच. मुंबईत आता काही होणार नाही, ती वेळ गेली. जिथे पोरं शिकतात तिथे वेळ गेलेली नाही, अजून शेतं आहेत. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ मुलगी सेसना १५२ घेऊन एकटी उडत असताना शेतात पडली, विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर वाचली. तिथे शेत होतं. दहा-पंधरा वर्षांनी त्या भागात प्लॉटिंग, गोडाऊन, मंगल कार्यालयं झाली तर पुढच्या पोरीने कुठे उतरायचं? ट्रेनिंग चालतं त्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना सरळ रेषेत निदान एकेक किलोमीटर शेतीच राहू द्या, एनए करू नका, आणि ज्याची जमीन अडकते त्या शेतकऱ्याला त्याचा रोख मोबदला द्या, फुकट अडकवू नका. हे काही फार मोठं मागणं नाही.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, परत वळणं कधीच जमत नाही असं नाही. उंची पुरेशी असेल तर जमतं. २००९ मध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेल्यावर न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलेलं विमान मोठं होतं, १५५ जण वाचले, पण तिथेही तपासात सिम्युलेटरवर हेच दिसलं की पक्षी आदळल्या आदळल्या, कसलाही विचार न करता वळलं तर धावपट्टी गाठता येत होती, आणि माणसाला विचार करायला लागतात ती ३५ सेकंदं धरली तर नाही. प्रत्येक विमानाचा, प्रत्येक पायलटचा आकडा वेगळा. मी दरवर्षी इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन ३००० फुटांवर जातो, थ्रॉटल मागे, चार सेकंद मोजतो, मग ४५ अंशांत वळतो आणि किती उंची गेली ते लिहून ठेवतो. माझे सहाशेच्या आसपास जातात. म्हणून मी ठरवून टाकलंय, जमिनीपासून १००० फुटांच्या आत वळायचं नाही, आणि हे वाक्य प्रत्येक टेकऑफच्या आधी धावपट्टीवर उभा राहून मोठ्याने म्हणतो, शेजारी कुणी असो नसो. कारण वर गेल्यावर ठरवायला वेळ नसतो, जे खाली ठरलंय तेच हात करतात.

तेव्हा संपादक साहेब, तुमच्या बातमीदारांना एवढं जरूर सांगा, पहिल्या दिवशी पायलटच्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहू नका. विमान किती उंचीवर होतं, वारा कुठला होता, समोर जमीन कशी होती, हे विचारा, गावातल्या लोकांना ते नीट सांगता येतं, आणि वर्ष-दीड वर्षाने एएआयबीचा, म्हणजे आपल्याकडच्या विमान अपघात तपास संस्थेचा, रिपोर्ट आला की तोही छापा, कारण पहिल्या दिवशी त्या पोराच्या घरच्यांवर जे उडालं ते धुवायला दुसरं काही नसतं.

माझा पुतण्या आता फ्लाइंग शिकतोय, पुढच्या महिन्यात त्याचं पहिलं सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण, आहे. परवा वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मला काही कळत नाही यातलं, मी त्याच्या सरांना काय विचारू?" मी म्हटलं, वहिनी, तीनच गोष्टी विचारा. किती फुटांखाली त्याने मागे वळायचं नाही, हे त्याला पाठ आहे का. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढची शेतं त्याला चालत नेऊन दाखवलीत का. आणि पावसानंतर विमान हलवून पेट्रोलचा कप दुसऱ्यांदा काढतात का. त्या म्हणाल्या, थांबा, वही आणते, आणि मी परत पहिल्यापासून सांगितलं.

आपला,
निफाडचा एक वाचक, सध्या कॅलिफोर्निया